टेबॉरची मर्यादा आणि कोलोरॅडोचा महसूल: जादा रक्कम स्वतः कशी मोजावी

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पावर चर्चा होते ती तुटीची. २००५च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याने राज्याचे हात बांधले तेही तुटीच्या आणि कर्जाच्या बाबतीत. कर जास्त गोळा झाला, आता परत करा, असे आपल्याकडे सरकारला कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मात्र हे थेट राज्यघटनेत लिहून ठेवले आहे. ३ नोव्हेंबर १९९२ रोजी मतदारांनी मंजूर केलेली ही तरतूद अनुच्छेद १०, कलम २० मध्ये आहे. नाव ‘टॅक्सपेयर्स बिल ऑफ राइट्स’, आणि आद्याक्षरांवरून सगळे म्हणतात ‘टेबॉर’. एका आर्थिक वर्षात राज्याने किती महसूल ठेवून घ्यायचा याला तिने मर्यादा घातली. त्यावरचा पैसा पुढच्या आर्थिक वर्षात करदात्यांना परत द्यावा लागतो. मतदारांनी ‘ठेवा’ म्हटले तरच राज्याला तो ठेवता येतो.

डेन्व्हर, बोल्डर भागातल्या मराठी घरांतही राज्याचे रिटर्न भरताना ही परताव्याची ओळ समोर येतेच. २०२३च्या करवर्षासाठी प्रत्येक पात्र व्यक्तीला सरसकट ८०० डॉलर आले. पुढे रक्कम उतरत गेली आणि ‘असे कसे झाले?’ हा प्रश्न घरोघरी पडला. उत्तर शोधायला बातम्या पुरत नाहीत, एक वही लागते. ही वही म्हणजे दहा-बारा ओळींची साधी स्प्रेडशीट. ती कशी मांडायची आणि कुठे फसते, ते पुढे दिले आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. जादा रक्कम म्हणजे दोन प्रचंड आकड्यांमधली लहानशी फट. मर्यादा १९ अब्ज डॉलरच्या घरात, महसूल २० अब्जांच्या घरात, आणि आपल्याला हवी आहे ती त्यांची वजाबाकी. त्यामुळे महसुलात एक टक्का चूक झाली तर वजाबाकीत ती पंधरा-वीस टक्क्यांची होऊन बाहेर येते. वहीतली जवळजवळ प्रत्येक शिस्त या एका कारणासाठी आहे.

एकक आणि वर्ष

आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. ‘२०२३-२४’ म्हणजे ३० जून २०२४ रोजी संपलेले वर्ष. आपल्या एप्रिल-मार्चची सवय असलेला माणूस इथे हमखास घसरतो, म्हणून वर्षाच्या शेजारी शेवटची तारीखही लिहा. करवर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर. परतावा ज्या रिटर्नमध्ये मिळतो ते करवर्ष आणि तो पैसा ज्या आर्थिक वर्षात जमला ते वर्ष, या दोन्हींना वेगळे रकाने द्या.

सगळे आकडे दशलक्ष डॉलरमध्ये ठेवा, कारण राज्याचे तक्ते त्यातच असतात. १ अब्ज म्हणजे १,००० दशलक्ष. मध्येच कोटीत गेलात की एखादे शून्य हरवते, आणि ते पुन्हा सापडायला संध्याकाळ जाते.

मर्यादेची बाजू: ही आधी कळते

नियम असा: मागच्या वर्षाची मर्यादा घ्या, तिच्यात महागाईचा दर आणि लोकसंख्यावाढीचा दर यांच्या बेरजेइतकी वाढ करा. दोन्ही दर आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी संपलेल्या कॅलेंडर वर्षाचे. म्हणजे २०२३-२४ साठी २०२२चे दर.

महागाई म्हणजे देशाची नव्हे. ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचा डेन्व्हर भागाचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्यायचा: सर्व वस्तू, सर्व शहरी ग्राहक. राज्यघटनेत ‘डेन्व्हर-बोल्डर’ असे नाव आहे. आता ती मालिका डेन्व्हर-ऑरोरा-लेकवूड या नावाने येते. हा निर्देशांक दर महिन्याला येत नाही, एक महिना आड येतो. आपल्याला त्याची वार्षिक सरासरी हवी असते आणि ती जानेवारीत मिळते. डिसेंबरची डिसेंबरशी तुलना करू नका, या वर्षाची सरासरी मागच्या वर्षाच्या सरासरीशी लावा. चढत्या किंवा उतरत्या महागाईच्या काळात या दोन पद्धतींची उत्तरे चांगलीच वेगळी येतात.

लोकसंख्या जनगणना विभागाच्या वार्षिक अंदाजातून घ्या. १ जुलैची संख्या डिसेंबरात जाहीर होते, पण त्याच वेळी विभाग आधीच्या वर्षांचे आकडेही सुधारून देतो. नव्या संचातली यंदाची संख्या आणि जुन्या संचातली गेल्या वर्षाची संख्या शेजारी ठेवून टक्केवारी काढली, तर जी सुधारणा झाली तीही ‘वाढ’ म्हणून मोजली जाते. दोन्ही आकडे एकाच संचातले घ्या. दर दहा वर्षांनी आकडा प्रत्यक्ष जनगणनेशी जुळवला जातो. २०२० मध्ये कोलोरॅडोत ५७,७३,७१४ माणसे मोजली गेली.

आता बेरीज. २०२२ची महागाई ८.० टक्के, लोकसंख्यावाढ ०.५ टक्के, म्हणून २०२३-२४ साठी वाढ ८.५ टक्के. २०२३ची महागाई ५.२ आणि लोकसंख्या ०.६, म्हणून २०२४-२५ साठी ५.८ टक्के. हे दर एकमेकांत मिळवायचे आहेत, गुणायचे नाहीत. १.०८० ला १.००५ ने गुणले तर ८.५४ येते. फरक क्षुल्लक वाटतो, पण १८ अब्जांवर तो ७० लाख डॉलरच्या आसपास जातो. गणिताच्या दृष्टीने गुणाकार जास्त नेटका असेल, पण घटनेत ‘अधिक’ असा शब्द आहे.

इथली सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच असते: वाढीचा दर मागच्या वर्षाच्या महसुलावर लावणे. मूळ टेबॉरमध्ये पाया खाली सरकत असे. मंदीत महसूल पडला की पुढची मर्यादा त्या पडलेल्या आकड्यावरून मोजली जाई आणि अर्थव्यवस्था सावरली तरी मर्यादा खालीच राहत असे. २००५च्या नोव्हेंबरात मतदारांनी ‘रेफरेंडम सी’ मंजूर केला. त्याने २००५-०६ ते २००९-१० अशी पाच वर्षे राज्याला सगळा महसूल ठेवू दिला. त्यानंतर नवी मर्यादा आली. त्या पाच वर्षांतला सर्वाधिक महसूल, जो २००७-०८चा होता, तो पाया धरायचा आणि तिथून पुढे दर वर्षी महागाई अधिक लोकसंख्या. आता मर्यादा मर्यादेवरून वाढते. कोविडच्या वर्षी महसूल तिच्या खाली गेला तरी मर्यादा जागची हलली नाही. त्यामुळे वहीत महसुलाच्या ओळीतून मर्यादेच्या ओळीकडे जाणारा एकही बाण नको. जुनी टेबॉर मर्यादाही कागदावर अजून मोजतात. ती हवी तर खाली वेगळ्या ओळीत ठेवा; परतावा ठरतो रेफरेंडम सीच्या मर्यादेवर.

मर्यादेच्या शेजारी हाताने भरायचा एक ‘फेरफार’ रकाना ठेवा, कारण सूत्र सगळेच पकडत नाही. २०१७ च्या कायद्याने मर्यादा २० कोटी डॉलरने खाली आणली आणि २०२१च्या कायद्याने, २०२०-२१ पासून, ती कपात मागे घेतली. हा रकाना नसेल तर त्या वर्षांत तुमचा आकडा आणि सरकारी आकडा जुळणार नाहीत आणि तुम्ही महागाईचा दर तपासत बसाल.

जानेवारी संपेपर्यंत पुढच्या जुलैपासूनच्या वर्षाची वाढ पक्की झालेली असते. पुढचे दीड वर्ष जी अनिश्चितता उरते ती सगळी महसुलाच्या बाजूला.

महसुलाची बाजू: काय धरायचे, काय नाही

घटनेत मर्यादा लिहिली आहे ती ‘वित्तीय वर्षातील खर्च’ या नावाने. व्याख्येत राखीव निधीतली वाढही येते, म्हणजे आलेला पैसा खर्च झाला काय किंवा साठवला काय, मोजला जातोच. म्हणूनच व्यवहारात ही महसुलाची मर्यादा आहे. व्याख्येतून वगळलेल्या गोष्टींची यादी भिंतीवर लावण्याजोगी: केंद्र सरकारचा पैसा, देणग्या, दुसऱ्या शासनासाठी गोळा केलेला कर, कर्मचाऱ्यांची पेन्शन वर्गणी आणि पेन्शन निधीची कमाई, राखीव निधीतून केलेला खर्च किंवा वळवलेली रक्कम, नुकसानभरपाईत मिळालेली रक्कम, मालमत्तेची विक्री, आणि परतावा स्वतः.

राहिले ते दोन गठ्ठे. पहिला सर्वसाधारण निधी: वैयक्तिक आणि कंपन्यांचा प्राप्तिकर, २.९ टक्क्यांचा राज्य विक्रीकर, वापर कर (विक्रीकर न भरता बाहेरून आणलेल्या वस्तूंवरचा), आणि किरकोळ. दुसरा गठ्ठा ‘कॅश फंड’ म्हणजे विशिष्ट कामाला बांधलेल्या निधींचा. त्यात गॅलनमागे २२ सेंटचा इंधन कर, वाहन नोंदणी, तेल-वायू-खनिजांवरचा सेव्हरन्स कर, जुगारघरांवरचा कर, असंख्य परवाना शुल्के. बातम्यांत ‘राज्याचा महसूल’ म्हणून येतो तो बहुतेक वेळा फक्त पहिला गठ्ठा. तो मर्यादेशी लावला तर मर्यादा नेहमी दूरच दिसेल. दोन्ही गठ्ठे मिळवून मगच तुलना करायची. निधीतून निधीत वळवलेला पैसा दोनदा मोजला जात नाही ना, तेही बघा. वळवलेला पैसा म्हणजे नवा महसूल नव्हे.

मग येतात एंटरप्राइझ. राज्याच्या मालकीचा, स्वतःच्या महसुलावर रोखे काढू शकणारा आणि राज्य व स्थानिक शासनांकडून वार्षिक उत्पन्नाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी अनुदान घेणारा व्यवसाय मर्यादेच्या बाहेर राहतो. सरकारी विद्यापीठे, लॉटरी, उद्याने व वन्यजीव विभाग, बेरोजगारी विमा आणि २०२३ पासून सुरू झालेली सवेतन कौटुंबिक रजेची वर्गणी, हे सगळे याच खिडकीतून बाहेर. रुग्णालयांकडून घेतले जाणारे शुल्क २०१७ च्या कायद्याने एंटरप्राइझमध्ये गेले. मर्यादेत झालेली २० कोटींची कपात त्याच व्यवहाराचा भाग होती. पळवाट म्हणायची की सोय, हा ज्याच्या त्याच्या राजकारणाचा प्रश्न. २०२० मध्ये मतदारांनी त्यावर लगाम घातला: पहिल्या पाच वर्षांत १० कोटी डॉलरहून जास्त महसूल घेणारे नवे एंटरप्राइझ काढायचे तर आधी मतदान. वहीपुरते इतकेच लक्षात ठेवा की एखाद्या संस्थेने अनुदानाची १० टक्क्यांची रेषा ओलांडली तर तिचा दर्जा जातो आणि तिचा महसूल आत येतो. अशा वर्षी मर्यादेचा पायाही त्यानुसार बदलतात. एका बाजूला आकडा घातला आणि दुसऱ्या बाजूला विसरलात, तर नसलेली जादा रक्कम दिसू लागते.

शेवटी मतदारांनी ‘हा पैसा मोजू नका’ म्हणून वेगळा काढलेला महसूल. तंबाखू, निकोटिन आणि गांजावरचे काही कर यात आहेत, पण खरी मोठी वजावट प्राप्तिकरात दडलेली आहे आणि तिथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

२००० सालच्या दुरुस्ती २३ नुसार करपात्र उत्पन्नाच्या एक टक्क्याचा एक तृतीयांश भाग शिक्षण निधीत जातो, मर्यादेबाहेर. २०२२च्या प्रपोझिशन १२३ नुसार (प्रपोझिशन म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) आणखी ०.१ टक्का परवडणाऱ्या घरांसाठी, तोही मर्यादेबाहेर. लक्ष द्या: हे प्रमाण कराच्या रकमेवर नाही, करपात्र उत्पन्नावर आहे. म्हणून आधी उलटे जावे लागते. प्राप्तिकराची एकूण जमा भागिले कराचा दर, की करपात्र उत्पन्न मिळाले, त्यावर ०.३३३ आणि ०.१ टक्का. दर ४.४० असेल तर पहिली वजावट जमेच्या सुमारे ७.६ टक्के, दुसरी सुमारे २.३ टक्के. दर ४.२५ धरला तर त्याच वजावटी ७.८ आणि २.४ च्या आसपास जातात, कारण उत्पन्न तेवढेच, कर कमी. म्हणून ७.६ हा आकडा सूत्रात ठोकून बसवू नका. दराचा रकाना ठेवा आणि सूत्राला तिकडे बघायला लावा. दर २०२० मध्ये ४.६३ वरून ४.५५ आणि २०२२ मध्ये ४.४० असा मतदारांनीच उतरवला आहे, आणि परताव्यापोटी तात्पुरताही उतरतो: २०१९ आणि २०२१ मध्ये ४.५०, २०२४ मध्ये ४.२५. ज्या वर्षी तात्पुरता दर लागू होता, त्या वर्षीची घट वेगळ्या रकान्यात काढा. ती आधीच्या वर्षाच्या परताव्याची रक्कम आहे, मंदावलेल्या अर्थव्यवस्थेची खूण नव्हे.

एक वर्ष पूर्ण करून बघू

खालचे पायाचे आकडे सरावासाठी गोल घेतले आहेत, दर मात्र खरे. एकक दशलक्ष डॉलर.

मागच्या वर्षाची मर्यादा १८,०००
वाढ ५.८ टक्के, म्हणून १९,०४४
फेरफार: दर्जा गेलेल्या एका एंटरप्राइझसाठी ४०
यंदाची मर्यादा १९,०८४

प्राप्तिकर, वैयक्तिक आणि कंपन्यांचा मिळून १३,२००
दर ४.४०, म्हणून करपात्र उत्पन्न ३,००,०००
वजा शिक्षण निधी १,०००
वजा घरबांधणी ३००
उरलेला प्राप्तिकर ११,९००
विक्री व वापर कर ४,७००
सर्वसाधारण निधीतले इतर ८००
कॅश फंड, दर्जा गेलेल्या संस्थेसह २,९००
मर्यादेत मोजायचा महसूल २०,३००

जादा १,२१६

आता हीच वही मुद्दाम बिघडवून बघा. प्राप्तिकरातली १,३०० ची वजावट विसरलात तर जादा रक्कम २,५१६ दिसते, दुपटीहून जास्त. महसुलाचा अंदाज एक टक्क्याने, म्हणजे २०३ ने, चुकला तर जादा रक्कम सतरा टक्क्यांनी हलते. जादा रक्कम ३०० च असती तर तोच एक टक्का तिचा दोन तृतीयांश भाग खाऊन टाकता. परताव्याचे सरकारी अंदाज तिमाहीगणिक इतके वरखाली का होतात, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. अंदाज करणारे वाईट आहेत असे नाही.

महिन्यागणिक पाठलाग

दोन सरकारी अंदाज दर तिमाहीला येतात: एक विधिमंडळाच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिल स्टाफचा, दुसरा राज्यपालांच्या नियोजन व अर्थसंकल्प कार्यालयाचा. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, साधारण वीस तारखेच्या सुमारास. दोन्ही नोंदवा, वेगवेगळ्या रकान्यांत, आणि जुना अंदाज पुसू नका. त्यांची सरासरी काढण्यापेक्षा त्यांच्यातला फरक कुठल्या करात आहे ते बघा. बहुतेक वेळा तो कंपन्यांच्या किंवा भांडवली नफ्याशी जोडलेल्या प्राप्तिकरात सापडतो.

तिमाहींच्या मधे स्वतःचा अंदाज हवा असेल तर प्रत्येक कर वेगळा धरा. मागची काही वर्षे घ्या आणि त्या महिनाअखेरपर्यंत वर्षाच्या एकूण जमेचा किती टक्के भाग आला होता ते काढा. यंदाची तोपर्यंतची जमा त्या टक्क्याने भागली की वर्षअखेरचा अंदाज मिळतो. विक्रीकराला ही पद्धत छान लागू पडते. प्राप्तिकराला एप्रिल उलटेपर्यंत ती भरवशाची नाही, कारण १५ एप्रिलच्या रिटर्नचा लोट एकाच महिन्यात येतो. अग्रिम कराचे हप्ते एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या मध्याला पडतात. त्या महिन्यांची तुलना त्यांच्याशीच करा. सरासरीतून २०२० आणि २०२१ हे एप्रिल वगळा. २०२० मध्ये रिटर्नची मुदत १५ जुलैपर्यंत लांबली, म्हणजे थेट आर्थिक वर्षाच्या रेषेपलीकडे. २०२१ मध्ये ती १७ मेपर्यंत गेली.

दुसरी गोष्ट, रोख जमा आणि उपार्जित जमा. दुकानदार जूनचा विक्रीकर २० जुलैपर्यंत भरतात. पैसा जुलैत आला तरी महसूल जूनचा, म्हणून तो संपलेल्या वर्षात धरला जातो. बारा महिन्यांची रोख जमा जुलै ते जून जोडून जो आकडा येतो तो म्हणूनच अंतिम हिशोबाशी जुळत नाही. जुळवायचे तर विक्रीकराची मालिका एक महिना सरकवून जोडा: ऑगस्टची जमा ते पुढच्या जुलैची जमा.

वॉशिंग्टनकडेही लक्ष हवे. कोलोरॅडोचा प्राप्तिकर केंद्राच्या करपात्र उत्पन्नापासून मोजायला सुरू होतो. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वजावट वाढवली की राज्याने काहीही न करता त्याचा महसूल घटतो. ४ जुलै २०२५ला केंद्राच्या करकायद्यावर सही झाली आणि ऑगस्टमध्ये कोलोरॅडो विधिमंडळाला विशेष अधिवेशन घ्यावे लागले ते यामुळेच. असा कायदा झाला की जुन्या वर्षांचे टक्के काही काळ बाजूला ठेवा आणि सरकारी अंदाजांवर जास्त भिस्त ठेवा.

मागच्या महागाईचा झटका

मर्यादेत मागच्या कॅलेंडर वर्षाची महागाई, महसुलात चालू वर्षाची. ही विसंगती परताव्याची बरीचशी कहाणी सांगते. २०२२-२३ ची मर्यादा २०२१च्या ३.५ टक्के महागाईवर बेतली होती. दुकानातल्या किमती आणि पगार मात्र २०२२च्या वेगाने वर जात होते, आणि त्यांच्याबरोबर विक्रीकर आणि प्राप्तिकरही. जादा रक्कम साडेतीन अब्ज डॉलरच्या वर गेली. पुढच्या वर्षी २०२२ची ८ टक्के महागाई मर्यादेत शिरली. तोवर महसुलाचा जोर ओसरला होता, आणि फट आकसली. २०२४-२५ ची जादा रक्कम ३० कोटी डॉलरच्या घरात आली. ‘यंदा एवढेच?’ याचे बरेचसे उत्तर इथे आहे; उरलेले विधिमंडळाने दिलेल्या नव्या कर-सवलतींत. सवलत महसूल आधीच कमी करते, म्हणून तिच्यावर गेलेला डॉलर जादा रकमेपर्यंत पोचतच नाही.

म्हणून वहीत आणखी एक ओळ घाला: मर्यादेची टक्केवारी वाढ आणि महसुलाची टक्केवारी वाढ शेजारी-शेजारी. कुठल्या वर्षी कोण कोणाच्या पुढे गेले ते दोन सेकंदांत दिसते.

जादा रकमेपासून खात्यातल्या पैशापर्यंत

राज्याचा कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेबनीस, १ सप्टेंबरपर्यंत जादा रक्कम प्रमाणित करतो आणि मग लेखापरीक्षण होते. प्रमाणित आकडा थेट वाटला जातो असे समजू नका. आधीच्या वर्षांत जास्त किंवा कमी परत केलेली रक्कम त्यात वळती होते. वरच्या सरावात आधी ३० दशलक्ष जास्त वाटले गेले असतील, तर यंदा १,१८६ च देणे. मग क्रम असा: ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग माजी सैनिक यांच्या मालमत्ताकर सवलतीपोटी स्थानिक शासनांना जाणारी भरपाई, रक्कम पुरेशी असेल तर प्राप्तिकराचा दर तात्पुरता उतरवणे, आणि उरलेले विक्रीकर परताव्याच्या नावाने, उत्पन्नाच्या सहा गटांत. सहा गट की सरसकट सारखी रक्कम, हे विधिमंडळ मधूनमधून बदलते. २०२२ च्या उन्हाळ्यात एकट्याला ७५० आणि जोडप्याला १,५०० डॉलरचे धनादेश घरी आले. २०२३ च्या ८०० साठी नोव्हेंबरात खास अधिवेशन भरले. त्यामुळे जादा रकमेला लोकसंख्येने भागून माणशी आकडा काढू नका. वाटपाचे नियम त्या वर्षाच्या कायद्यातून वाचा.

आणीबाणीचा ३ टक्के राखीव निधी ही घटनेतली वेगळी अट आहे, तिचा या वजाबाकीशी संबंध नाही. महसूल बेकायदा ठेवला असे न्यायालयात ठरले, तर परतफेडीवर वर्षाला १० टक्के सरळ व्याज लागते. कंट्रोलरचे कार्यालय दशांशापर्यंत काटेकोर का असते, ते यावरून कळावे.

दुसरी, लहान मर्यादा

एकूण मर्यादेच्या शेजारी आणखी एक सापळा आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. मतदारांपुढे नवा कर ठेवताना राज्य पहिल्या पूर्ण वर्षाचा अंदाज छापून देते. प्रत्यक्ष वसुली त्यापेक्षा जास्त झाली तर वरची रक्कम परत करा, नाहीतर पुन्हा मतदारांकडे जा. गांजावरच्या करात असेच झाले. २०१५ मध्ये सुमारे ६.६ कोटी डॉलर ठेवू द्या म्हणून प्रपोझिशन बीबी आले आणि मतदारांनी होकार दिला. निकोटिन कराबाबत २०२३ मध्ये तसेच प्रपोझिशन ‘डबल आय’ (II) आले. रक्कम २ कोटी ३६ लाखांच्या वर, तिलाही होकार. नवा कर आला की वहीत त्याची स्वतंत्र ओळ उघडा, छापील अंदाज तिथेच लिहा आणि पहिल्या पूर्ण वर्षानंतर वसुलीशी ताडून बघा.

दुसऱ्या राज्याला हीच वही लावायची तर

मर्यादेची ओळ पुसून नव्याने लिहावी लागेल. मॅसॅच्युसेट्सच्या १९८६ च्या कायद्यात, ज्याला प्रकरण ‘६२-एफ’ म्हणतात, मर्यादा पगार आणि वेतनाच्या तीन वर्षांच्या सरासरी वाढीवर चालते. फक्त कर मोजतात, आणि निर्णय सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारपर्यंत राज्याचा ऑडिटर देतो. २०२२ मध्ये तिथे जादा रक्कम २.९४१ अब्ज डॉलर निघाली आणि करदात्यांना २०२१ च्या प्राप्तिकराच्या सुमारे १४ टक्के परत मिळाले. मिसुरीत पाया व्यक्तिगत उत्पन्नाचा आहे. ओरेगनच्या ‘किकर’ मध्ये तर मर्यादा सरकारच्याच अंदाजावर टांगलेली असते: दोन वर्षांचा महसूल अंदाजापेक्षा २ टक्क्यांहून अधिक निघाला की अंदाजाच्या वरचे सगळे परत. तिथे महागाई आणि लोकसंख्येचे रकाने रिकामेच राहतील. त्यांच्या जागी अंदाज जाहीर झाल्याची तारीख लिहा आणि त्या दिवशीचा आकडा कुलूप लावून ठेवा, कारण नंतर सुधारलेला अंदाज मोजणीत चालत नाही.